आम्ही राधा झालो तो शिमगा

लग्न होऊन नुकती सासरी आले तेव्हा माझी ठाम समजूत होती की फुगडीत माझ्या तोडीची बाई अख्ख्या मालवण तालुक्यात नाही. ही समजूत आणखी कुणाची असल्याचं माझ्या तरी कानावर आलं नव्हतं.

त्या साली शिमग्याच्या तोंडावर शेजारचा गडी माडावरून पडला नि कमरेतून जायबंदी झाला. घरात तान्हं पोर, वर सात-आठ वर्षांची मुलगी, आणि पावसाच्या बेगमीला भाताचा दाणा नाही. मुंबईहून मुलीच्या मामाचा निरोप आला, 'पोरीला नेतो, एका घरी भांड्यांना ठेवतो, तेवढंच खाणारं तोंड कमी.' तिची आई रडून रडून अर्धी झाली.

शिमग्यात आमच्याकडे पुरुष लुगडी नेसून 'राधा' होतात, दारोदार नाचतात आणि शबय म्हणून पैसे, नारळ मागतात. मिळालेली शबय शेवटी कोंबड्यात नि माडीत जाते, हे सासूबाईंना पक्कं ठाऊक. त्या म्हणाल्या, "बापये नाचून पितत, तर आपण नाचून भात हाडूया. खाडीपलीकडे जाऊया. थंय आपणाक कोण वळखता?"

आम्ही चार-पाच जणी होडीतून पलीकडे उतरलो. सुना म्हणून डोक्यावरचे पदर नाकापर्यंत ओढलेले. पुढे झांज घेऊन सासूबाई. कुणी नारळ दिला, कुणी मूठभर तांदूळ. एवढ्याने पाऊस कसा निघणार! मग आम्ही गावातल्या मोठ्या घरापुढच्या खळ्यात शिरलो. ओटीवर घरधनी आजोबा पान जमवीत बसले होते.

मी मनात म्हटलं, आता दाखवतेच. अशी काही घुमले, अशा उड्या मारल्या, की खळ्यात धूळ उठली. आजोबांनी हात वर करून झांज थांबवली.

"बाकीच्यो राधा बऱ्यो आसत," ते म्हणाले. "आणि ह्या म्हातारीचा सोंग तर हुबेहूब माझी सासू! पण ह्या रेड्याक कोणी हाडल्यान? अरे मेल्या, बायलमाणूस अशी उडता खंय?"

तेव्हा कुठे उजेड पडला. बायका शबय मागतात हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून आम्ही त्यांच्या लेखी लुगडी नेसलेले पुरुष! आणि त्या पुरुषांतही बाई म्हणून नापास झालेली एकटी मी.

माझं डोकं असं फिरलं की पदर मागे टाकून थोबाड दाखवावं म्हणून हात वर गेलाच. सासूबाईंनी कमरेला सणसणीत चिमटा काढला. "गप रव गो! भात व्हया ना?" त्या पुटपुटल्या. बायका नाचल्या हे कळलं असतं तर भात राहिलं बाजूला, सासऱ्यांच्या कानावर तक्रार आधी गेली असती.

"पदर काढ बघूया," आजोबा म्हणाले. "मिशी खंय लपवलंस?"

मी घसा खरवडून जमेल तेवढा घोगरा आवाज काढला. "आजच भादरलंय, आबानू!"

आजोबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. पाणी घेऊन त्यांची बायको बाहेर आली. तिची नजर माझ्या पावलांवर गेली, तिथे जोडव्यांवर थबकली, आणि मग आमच्या एकेकीच्या पायांवरून फिरली. मी पाय धुळीत खुपसले.

"तुमका बायलांतला काय कळता?" ती नवऱ्याला म्हणाली, आणि तिने गड्याला हाक मारली. "भाताच्यो दोन मुड्यो ह्यांच्या होडीत नेऊन घाल रे." पेंढ्यात बांधलेल्या गोल, गलेलठ्ठ मुड्या! पाणी द्यायच्या निमित्ताने ती माझ्या कानाशी वाकली. "बाये, फुडच्या खेपेक जोडवी काढून ये. आणि उड्यो कमी मार."

मामा आला तेव्हा मी शेजारच्या घरीच बसले होते. मुड्या फोडून भात कणगीत भरलं होतं आणि पोरगी त्या कणगीत चढून भातावरच मांडी ठोकून बसली होती.

"चल गो, गाडी चुकात," मामा म्हणाला.

"ह्या भात संपासर मी खंयच येवचंय नाय."

मामाने कणगीत हात खुपसून पाहिला. हात कोपरापर्यंत आत गेला. तो बाहेर काढून त्याने झटकला, बहिणीकडे बघितलं आणि म्हणाला, "मगे आज माका जेवूक तरी वाढ."