क्रोशाच्या रुमालाखालचं यंत्र

दादाच्या उशाशी झोपेत श्वास चालू ठेवणारं यंत्र आहे, आणि वहिनीने त्यावर क्रोशाचा रुमाल घातलाय. वर प्लास्टिकची फुलं. "पाहुणे येतात, बरं दिसत नाही," ती म्हणते. मिक्सरला, टीव्हीला झाकणं शिवणारी माणसं आपण. आता श्वासही झाकला.

दुपारी जेवून दादा आडवा झाला आणि घोरायला लागला. सगळे हसले. "सुखी माणूस आहे हो!" व्याही म्हणाले. माझं डोकंच फिरलं. घोरणं म्हणजे सुखाची झोप, हे ठरवलं कुणी? सिगारेटने त्याची फुप्फुसं आधीच पोखरलेली. त्यात झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, प्राणवायू घसरतो. हे रोजचंच झालं की रक्तवाहिन्यांना आतून सूज येते आणि रक्त गोठायला टपून बसतं. एखादी गुठळी फुप्फुसात अडकली तर संपलंच, असं हे यंत्र देताना डॉक्टरांनी आमच्यासमोर सांगितलं होतं. वहिनी मान डोलावत होती. मग घरी येऊन तिने रुमाल विणला! दादाही काही कमी नाही. यंत्राची नळी नाकाला लाव म्हटलं की, "सोंड लावून झोपायला मी काय गणपती आहे?" म्हणतो.

चष्म्याची लाज नाही, कवळीची नाही, आणि श्वासाची लाज वाटते!

मी रुमाल खेचून काढला. फुलं जमिनीवर पडली. तेवढ्यात घोरणं थांबलं.

"बघा वन्सं, आता कसे शांत झोपलेत," वहिनी कौतुकाने म्हणाली.

मी दादाच्या नाकापाशी हात धरला. वारा लागत नव्हता.