परत आलेला नारळ

तुपात लवंगा तडतडल्या की मला जपानमधल्या नागोयाजवळची ती खाडी आठवते. नवऱ्याला खरं तर नॉर्वेचे फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या तिथल्या खाड्या, बघायच्या होत्या, पण प्रोजेक्टमधून सुट्टी मिळाली एकाच दिवसाची, म्हणून मुरूडहून आलेल्या सासूबाईंना घेऊन आम्ही इथल्याच तासाभराच्या बोटीत बसलो. दोन्हीकडे हिरवे डोंगर थेट पाण्यात उतरलेले, दमट वारा, हाताला चिकटणारं रेलिंगवरचं मीठ. आज नारळी पौर्णिमा आहे हे फक्त सासूबाईंच्या लक्षात होतं. मी फोटो काढायला वळले तेवढ्यात त्यांनी पिशवीतून नारळ काढला, डोळे मिटले आणि पाण्यात सोडून दिला. "आई, काय केलंत हे!" दुधाचा रिकामा खोकासुद्धा धुऊन, कापून टाकायचा देश हा, आणि आमचे व्हिसा वाढवायचे कागद नेमके तेव्हाच इमिग्रेशनमध्ये अडकलेले. बोट थांबली. पांढरे हातमोजे घातलेला खलाशी लांब दांड्याची जाळी घेऊन वाकला. त्याने नारळ वर काढला, गळ्यातल्या टॉवेलने नीट पुसला आणि कमरेत वाकून दोन्ही हातांनी सासूबाईंपुढे धरला. "तुमचा पडला होता. फुटला नाही ना?" मला हसू आणि रडू एकदमच आलं. सासूबाईंनी मात्र तो शांतपणे पदरात घेतला. "समुद्रानेच परत दिलाय, आता घरी जाऊन नारळी भात कर." त्यांच्या पश्चात, गेल्या वर्षी, आम्ही नॉर्वेलाही जाऊन आलो. बोट पहिल्या फ्योर्डमध्ये शिरली आणि नवरा हळूच म्हणाला, "नारळ आणलायस ना?"