मामाची दाराजवळची जागा

मामा गेला हे मी आईपासून लपवून ठेवलं. पण माझी खरी चूक त्याहून मोठी आहे. मामाच्या अंगणात, तिरडी बांधून झालेली असताना, आई जे बोललीच नव्हती ते मी तिच्या नावानं बोललो.

आई तेव्हा अकोल्याच्या दवाखान्यातून नुकतीच कारंज्याला घरी आली होती. छातीचं दुखणं होतं. धक्का बसेल असं काही कानावर जाऊ देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले होते. मी ते घट्ट धरून ठेवलं, कारण ते मला सोयीचंही होतं. मामाच्या गावाहून फोन आला तेव्हा आई ओट्यावर ऊन खात बसली होती. बाजारात जाऊन येतो, असं सांगून मी एकटाच निघालो.

आमच्याकडे बहिणीनं येऊन तोंडात पाणी घातल्याशिवाय भावाला उचलत नाहीत. सगळे त्यासाठीच थांबले होते. मला एकट्याला पाहून मामी म्हणाली, "ननंदबाई काहून नाही आल्या? एकच भाऊ होता बाप्पा त्याहिले."

आईला कळवलंच नाही, असं म्हणायला हवं होतं. पण मग चार जण मला बोलले असते, कोणीतरी जीप काढून तिला आणायला निघालं असतं. मी म्हणालो, "आई म्हने, माह्यासाठी थांबू नका, उचला."

मामीनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला. पाणी मीच घातलं. ते मामाच्या ओठांवरून कानाकडे ओघळलं.

त्या एका वाक्यानं पुढचं सगळं सोपं झालं. मामाकडची माणसं दुखावली. भावाला उचला म्हणणाऱ्या बहिणीला फोन कोण करणार? इकडे आई मात्र मामावर जिवंत माणसावर रागवावं तशी रागवत राहिली. भाऊबीजेला तिनं ताट लावून ठेवलं आणि अंधार पडल्यावर तसंच उचललं. मी मामाच्या गुडघ्यांचं निमित्त सांगितलं होतं.

"गुडघे दुखतात म्हने! मलेबी गुडघेच हायेत, का चाकं हायेत?" ती म्हणाली. मी हसलो. त्या दिवशी मला हसता आलं, याची आजही भीती वाटते.

आमच्या भागातली अरुंद रुळांवरची छोटी रेल्वेगाडी बंद पडून बरीच वर्षं झाली. रूळ गवतात गेले आहेत. माझ्या शेताची वाट ते रूळ ओलांडून जाते. मामा गेल्यापासून तिथं आलो की माझी मान आपोआप खाली जाई. वर पाहिलं तर गाडीच्या दारात पाय सोडून बसलेला मामा दिसेल आणि आई का नाही आली ते विचारेल, असं वाटे. मोटरसायकलच्या आवाजातही गाडीची शिटी ऐकू येई. शेवटी मी दुसऱ्या वाटेनं जाऊ लागलो.

हिवाळा सरत आला तेव्हा आईनं हट्टच धरला. "मले भावाकडं ने. तो नाही येत तं मी जातो." तिचं मन दुसरीकडे वळवावं म्हणून मी म्हणालो, "चल, आधी तुले तुह्या गाडीत बसवतो."

नागपूरला जुन्या रेल्वेगाड्या जपून ठेवलेलं एक ठिकाण आहे. तिथं छोट्या रुळांवर जुने डबे बागेभोवती फिरवतात. डबे आमच्या गाडीसारखेच, लाकडी बाकांचे. आईनं बाकावर हात फिरवला, खिडकीची झडप वरखाली करून पाहिली आणि दाराजवळच्या जागेवर आपली पिशवी ठेवून तिच्या शेजारी बसली.

ती जागा मामाची. सणाला आईला माहेरी न्यायला तो आमच्या छोट्या गाडीनं येई आणि परतताना दारात बसे. फाटक आलं की गाडी थांबायची. गाडीतलाच एक माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, मग तो फाटक उघडून परत चढायचा. तेवढ्यात मामा शेतात उतरून हरभऱ्याचे डहाळे उपटून आणी. आई त्याला चोर म्हणे आणि सोलून मला दाणे भरवी.

गाडी भरत आली. एका बाईनं विचारलं, "आजी, पिशवी उचलता का? मी बसते."

"तिथं मानूस हाये," आई म्हणाली.

बाईनं रिकाम्या जागेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या डब्यात गेली. दाराला साखळी लावलेली होती. गाडी हलली तशी ती हळूहळू झुलू लागली, कोणी उतरता उतरता सोडून दिल्यासारखी.

"लय हळू चालते बाप्पा," आई म्हणाली. "हिच्यापेक्षा आपली बकरी आधी पोचन."

बागेत शोभेचं एक फाटक होतं. गाडी न थांबता त्याच्यापुढून गेली. आईनं मान वळवून मागं पाहिलं. पुढे तिकिटघर आलं, पुन्हा तीच झाडं, पुन्हा तेच फाटक. या वेळी तिनं बाहेर पाहिलं नाही.

"तो रुसला नाही," ती म्हणाली. "रुसला असता तं घरी येऊन भांडला असता. न भांडता इतके दिवस राहनारा मानूस नव्हे तो. कवा गेला?"

शिटी वाजली. ती थांबल्यावर मी सांगितलं.

ती रडली नाही. "उचलतानी माहं नाव कोनी काढलं काय?" एवढंच तिनं विचारलं. मला वाटलं होतं, ती लपवल्याबद्दल विचारेल. मग तिच्या नावानं अंगणात बोललेलं खोटंही मी कबूल केलं, जसं बोललो होतो तसंच. आणि घाईनं म्हणालो, "पन तुह्याकडून मी पानी घातलं."

"माहा हात होता काय तो?"

गाडी थांबली. माणसं उतरली. आई बसून राहिली. मी आधार द्यायला हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला.

"मले काही सांगू नको आता. मी असं बोलली समजून माही भावजय बसली हाये. तिच्यापुढं बोल."

दुसऱ्या दिवशी आम्ही मामाच्या गावी गेलो. मामी अंगणात तुरी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"आता आठवन आली काय ननंदबाई?"

आई उभीच राहिली आणि माझ्याकडे पाहू लागली. शेजारच्या दोघी बाया कुंपणापाशी आल्या. मामाला ठेवलं होतं त्या जागेकडे मला पाहवत नव्हतं. तरी मी तिकडेच पाहत म्हणालो, "मामी, आईनं उचला म्हटलं नव्हतं. तिले मालूमच नव्हतं. ते मी माह्या मनानं बोललो. मामाले तिच्या हातचं पानी मिळालं नाही, ते माह्यामुळं. मले माफ करा. आई, तूबी मले माफ कर."