अथेन्सच्या जुन्या आळीतले आमचे व्याही

परमेश्वराने आमच्या व्याह्यांना पाय दिले ते जगातल्या जुन्या गल्ल्यांत शिरण्यासाठी आणि जीभ दिली ती तिथल्या पुरातन वैभवाचा यथेच्छ उपमर्द करण्यासाठी, अशी माझी श्रद्धा आहे. बहरीनमध्ये अस्करच्या अॅल्युमिनियम कारखान्यात त्यांनी उभा जन्म भट्टीपुढे घालवला. बिऱ्हाड मात्र मुहर्रकच्या जुन्या वस्तीत थाटले. तिथल्या बोळांतून ते पालखीतल्या ग्रामदेवतेच्या थाटात हिंडत. कोणत्या दाराशी कोणता म्हातारा बसतो, कोणाचा जावई नाठाळ, कोणाच्या भिंतीला ओल, सारे मुखोद्गत. एकदा एका अरब गृहस्थाला त्यांनी त्याच्याच घराची जवळची वाट दाखवली, आणि तो सज्जन निमूटपणे त्या वाटेने गेलाही.

निवृत्ती जवळ आली तसे ते भेटेल त्याला सांगू लागले, "आता नोकरी खलास! गावी आंब्याखाली खाट टाकून पडणार." महिन्याअखेर व्हिसा संपायचा होता, घरात मात्र एकही खोके बांधले जाईना. "ह्यांचा पायच निघत नाहीये इथून," आम्ही तिकडे पाहुणे गेलो तेव्हा विहीणबाई माझ्या पत्नीपाशी कुजबुजल्या. अखेर व्याह्यांनी आवराआवर केली ती अथेन्सच्या सहलीची, आणि सोबत आम्हां उभयतांना ओढले.

मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. यवनांचे, म्हणजे ग्रीकांचे, ते प्राचीन नगर पाहायचे म्हणून स्नानसंध्या आटोपून सिद्ध झालो. टेकडीवरचे भग्न मंदिर दृष्टीस पडताच माझे हात जुळले. देव कोणाचाही असो. व्याह्यांनी खालूनच निरखले.

"शास्त्रीबुवा, स्लॅब टाकायच्या आतच कंत्राटदार पळाला वाटतं!"

"अहो, तो भग्नावशेष आहे. वर चला, दर्शन घेऊ."

"वर राहतं का कोणी? नाही ना? मग भेटायचं कोणाला? यल्ला, गल्लीत चला."

टेकडीच्या कुशीतल्या जुन्या आळीत ते शिरले ते जणू भाडे वसूल करायला आल्यासारखे. दिसेल त्या ग्रीकाशी हिंदी, अरबी आणि राजापुरी मराठी यांच्या काल्यात बोलत. एका भिंतीवर टिचकी मारून म्हणाले, "चुना चांगला, पण पाणी कमी मारलंय." घरमालक खिडकीतून पाहत होता, त्याने का कोण जाणे, मान डोलावली. पुढे गल्ली अरुंद होत होत संपली ती थेट एका पांढऱ्या घराच्या अंगणात.

"अहो, हे कुणाचं तरी अंगण आहे!" विहीणबाई दबक्या आवाजात ओरडल्या.

"गल्लीच इथं आली, त्याला मी काय करू?" म्हणत व्याही तिथल्या बाकड्यावर विसावले.

आतून एक वृद्धा आली. मी मनात क्षमायाचनेची जुळवाजुळव करू लागलो. ती मात्र आमच्याकडे पाहून आत गेली आणि बशीत पाकातली फळे, चमचे नि थंड पाणी घेऊन आली.

"हे तर आपलं गूळपाणी!" व्याही हरखले.

मोडक्या इंग्रजीत वृद्धा सांगू लागली. तिचे पूर्वज दूरच्या बेटावरून गवंडीकामाला आले, फावल्या वेळात या उतारावर आपल्या गावातल्यासारखी घरे बांधली आणि इथलेच झाले.

"काम संपल्यावर कोणी परत नाही पाठवलं?" व्याह्यांनी तशाच इंग्रजीत विचारले.

ती हसली. "कुठे पाठवणार? घर इथेच होतं. तुमचं कुठे?"

जगातल्या प्रत्येक प्रश्नाला तोंडात उत्तर तयार ठेवणारे आमचे व्याही चमचा बशीत ठेवून मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, मागच्या रजेत गावी गेलो, तर भावजयीनं ओटीवर बसवून असंच गूळपाणी पुढं ठेवलं. पाहुण्याला ठेवतात तसं. माझ्याच घरात."

मला ग्रंथांतले अतिथिमाहात्म्य पुष्कळ आठवले. पण बोलल्या त्या विहीणबाई.

"ह्या खेपेला मी आहे ना बरोबर. गूळ-बीळ काही मिळायचा नाही. तहान लागली की उठायचं नि माठातलं आपल्या हातानं घ्यायचं. आणि येताना मलाही आणायचं!"

व्याही हसले, पण जरा उशिराने. मग त्या वृद्धेकडे वळून त्यांनी आपल्या गावाचे नाव सांगितले. तिला ते उच्चारता येईना. कधी कोणासाठी न थांबणारा हा मनुष्य एकेक अक्षर सुटे करून तिला शिकवत राहिला.

"आडिवरे," अखेर ती म्हणाली.

"हां. घर तिथं," व्याही म्हणाले, आणि त्यांनी पाण्याचा पेला आपल्या हाताने विहीणबाईंपुढे धरला.