चार नंबरची लाइन

बातमी सकाळी अकरा वाजता फुटली आणि पाचच मिनिटांत टीव्ही केंद्राच्या तळमजल्यावरच्या टेलिफोन बोर्डाचे सहाही दिवे एकदम पेटले. बोर्डावरच्या बाईंनी हेडफोन कानावर नीट बसवला, घसा साफ केला आणि पहिला खटका दाबला.

"खरं आहे का हो?" पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.

"खरं आहे. पहाटे झोपेतच गेले."

बाईंनी दुसरा खटका दाबला. तिथेही तोच प्रश्न. तिसऱ्यावर एक पोरगी नुसतीच रडत होती.

गेलेला माणूस आठवड्याचे पाच दिवस रात्री साडेदहाला पडद्यावर यायचा, खुर्ची पुढे ओढायचा आणि विचारायचा, "कोण कोण जागं आहे?" एकोणीस वर्षं हा एकच प्रश्न. ज्यांना झोप नसायची, ज्यांच्या घरात आजारपण असायचं, ज्यांचं तान्हं मूल रात्रभर छळायचं, ते सगळे त्याला फोन करायचे, आणि तो त्यांच्याशी पडद्यावरूनच बोलायचा. लोक त्याला मामा म्हणत. एरवी माणसं एकमेकांना मामा बनवतात. याला लोकांनी आपणहून मामा केलं होतं.

हे सगळे फोन आधी बाईंकडे यायचे. नवरा गेला तेव्हा त्यांची मुलगी चार वर्षांची होती. सासू म्हणाली, "पोरीचं मी बघते, तू नोकरीचं बघ." रात्रपाळी कोणालाच नको होती, म्हणून ती बाईंना मिळाली. त्या दिवशी मात्र दिवसपाळीची बाई आली नव्हती, म्हणून त्या सकाळीही बोर्डावरच होत्या. त्यात एक गंमत अशी झाली की सगळा गाव ज्याच्यासाठी जागायचा, त्याचा एकही कार्यक्रम बाईंनी कधी धड पाहिला नाही. तो वर दिव्यांखाली बसायचा आणि त्या खाली खिडकी नसलेल्या खोलीत. सकाळी चहा पिताना सासू आदल्या रात्रीचं सगळं सांगायची. पदरचं घालून सांगते, असा बाईंना संशय होता.

मामा त्यांना ठाऊक होता तो वेगळा. रोज सव्वादहाला आतल्या फोनवर त्याचा आवाज यायचा, "बाई, आज रांगेत कोण आहे?" आणि त्या सांगायच्या: एक नर्स, एक नवरा-बायको भांडून बसलेले, एक नेहमीचे काका.

नेहमीचे काका म्हणजे घड्याळवाले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आणि साठीत दृष्टी गेली. एकटे राहत. पहिल्यांदा त्यांनी फोन केला तो तक्रारीचा: "मामा वेळ सांगतात ती दीड मिनिटाने चुकते." मामाने तो फोन सरळ कार्यक्रमात घेतला आणि मग पायंडाच पडला. दर शुक्रवारी मामा विचारायचा, "काका, किती वाजले?" काका काच काढलेल्या घड्याळाच्या काट्यांवर बोट फिरवून वेळ सांगायचे आणि घरोघरची माणसं आपापली घड्याळं लावून घ्यायची. आंधळा माणूस साऱ्या गावाला वेळ सांगतो, याचं कोणाला नवल वाटेनासं झालं होतं.

त्या दिवशी काकांचा फोन आला तो अडीचच्या सुमारास, चार नंबरच्या लाइनवर.

"बाई, रेडिओवर काहीतरी भलतंच सांगतायत."

"भलतं नाही काका. खरं आहे."

"हं," काका म्हणाले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाठोपाठ काहीतरी जड कोसळलं. एक भांडं गडगडत गेलं. आणि मग फोनचा रिसीव्हर कशावर तरी आपटत राहिला, टक, टक, टक, हळूहळू मंद होत थांबला.

"काका? अहो काका?"

बाईंनी दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून धरला. खूप लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला. "बाई... पाय गेला. उठता येत नाही."

"शेजारी कोणी आहे का? हाक मारा."

"शेजारी कुठले... गार पडलंय सगळं."

त्या काळी समोरच्याचा नंबर फोनवर दिसत नसे. एवढ्या वर्षांत बाईंनी काकांचा पत्ता कधी विचारला नव्हता. त्यांनी दुसऱ्या लाइनवरून टेलिफोन एक्स्चेंजला फोन लावला. तिथल्या माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शोधता येईल. पण तुमच्या साहेबांच्या सहीचं पत्र लागेल, आणि वेळ लागेल. तोवर ती लाइन तोडू नका. तोडलीत तर हाती काही लागणार नाही."

बाई साहेबांना बोलावणार, तोच साहेब स्वतः जिना उतरून आले. सकाळपासून रडून त्यांचे डोळे लाल झाले होते. मामाला या केंद्रात त्यांनीच आणलं होतं. "बाई, चार वाजता आपण लोकांचे फोन थेट दाखवतोय. स्टुडिओला जोडलेली लाइन चार नंबरचीच. ती मोकळी ठेवा."

"ती मोकळी होणार नाही, साहेब." बाईंनी काय झालं ते सांगितलं आणि पत्राचंही सांगितलं.

"पत्र देतो, लगेच देतो. माणूस पाठवतो एक्स्चेंजला. पण लाइन लागेल मला. लाखो लोक बसलेत टीव्हीसमोर."

"लाखो लोकांना काही झालेलं नाही."

साहेबांना हे लागलं. ते म्हणाले, "बाई, मलाही कळतं. पण वरून आदेश आहे. चारला दहा कमी असताना मी येईन आणि खटका पाडीन. तुमच्यावर यायला नको, मी माझ्या हाताने पाडीन." आणि ते वर गेले.

पावणेतीन. बाईंनी घरी फोन लावला. सासूने उचलला, आवाज बसलेला होता.

"आई, रडणं नंतर. घड्याळवाले काका कुठे राहतात, मामा कधी काही बोलले होते का?"

"काय झालं त्यांना?"

"पडलेत. घरात एकटे. मला पत्ता हवाय."

"थांब, आठवू दे." बाईंना पलीकडे घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. "चष्म्याच्या दुकानावर. हो. मामा म्हणाला होता, काका, खाली चष्मे विकतात आणि वर तुम्ही राहता, देवाला काय थट्टा सुचते बघा. मग तोच जीभ चावून बसला. काका मात्र पोट धरून हसले होते."

"कुठलं दुकान?"

"ते नाही गं म्हणाला कोणी."

चष्म्याची दुकानं गावभर. बाईंनी चार नंबरवर कान लावला. "काका, ऐकताय ना? किती वाजले?"

मग क्षीण आवाज, "हातात... घड्याळ आहे. तीनला... पाच कमी."

"शाबास. झोपायचं नाही. मी पुन्हा विचारणार आहे."

बाकीचे दिवे लुकलुकत होते. बाईंनी ठरवलं, आता ज्याचा फोन येईल त्याला विचारायचं. लोक मामाच्या आठवणी सांगायला फोन करत होते आणि बाई त्यांना मध्येच तोडत होत्या. एका मास्तरांना वाटलं, काका नदीपलीकडे राहतात. एक बाई ठामपणे म्हणाली, स्टेशनाजवळ. दोघांनाही चष्म्याचं दुकान आठवत नव्हतं. एकजण तर रागावलाच, "अहो, आम्ही मामाचं सांगतोय आणि तुम्ही घड्याळं काय विचारताय?"

सव्वातीनला चार नंबरवर एक नवा आवाज आला. लांबवर घंटा, आणि मागोमाग शेकडो पोरींचा एकच गलका. काकांचे फोन नेहमी रात्रीचे, त्यामुळे हा आवाज बाईंनी कधी ऐकला नव्हता. शाळा सुटली होती, आणि ती अगदी खिडकीखाली होती.

दोन नंबरवर एक टॅक्सीवाला होता. सार्वजनिक फोनवरून बोलत होता. मामाला त्याने एकदा घरी सोडलं होतं, ते त्याला सांगायचं होतं.

"तुमची गोष्ट मी ऐकेन, सगळी ऐकेन," बाई म्हणाल्या. "आधी सांगा, मुलींची शाळा आणि तिला लागून चष्म्याचं दुकान, असं कुठे आहे?"

"दोन ठिकाणी आहे. एक बाजाराच्या मागे, एक पाण्याच्या टाकीजवळ."

"सव्वातीनला कुठली सुटते?"

"टाकीजवळची. बाजारातली साडेपाचला. माझी भाची जाते तिथे."

"दुकानाच्या वर घड्याळवाले काका राहतात. आत पडलेत. दार आतून बंद असणार."

"शुक्रवारवाले काका?" टॅक्सीवाल्याने पुढचं ऐकलंच नाही. फोन तसाच सोडून तो पळाला असावा, कारण पाठोपाठ बाईंना टॅक्सीचं दार आपटल्याचं ऐकू आलं.

टाकी गावाच्या दुसऱ्या टोकाला. बाईंनी साडेतीनला काकांना वेळ विचारली. उत्तर आलं, पण चुकीचं. काका म्हणाले, "बारा." काका कधी चुकत नसत. पावणेचारला विचारलं तेव्हा उत्तरच आलं नाही. नुसता श्वास, तोही मधूनच अडखळणारा.

चारला दहा कमी असताना साहेब आले. त्यांच्या मागे स्टुडिओतला एकजण कागद घेऊन उभा. साहेबांनी हात पुढे केला.

बाई उठल्या नाहीत. त्यांनी हेडफोन काढला आणि साहेबांच्या हातात दिला. "आधी ऐका. मग पाडा."

साहेबांनी हेडफोन कानाला लावला. त्यांचा दुसरा हात खटक्यावर होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. मागचा माणूस हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, वर सगळे थांबलेत." साहेबांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते कळेना. पाच मिनिटं राहिली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"कोणीतरी दार वाजवतंय," साहेब एकाएकी म्हणाले.

बाईंनी हेडफोन ओढून घेतला. दार नुसतं वाजत नव्हतं, कोणी खांद्याने धडका देत होतं. एक, दोन. लाकूड फुटल्याचा आवाज. दोन-तीन माणसांचे आवाज, "इकडे, इकडे. हलवू नका त्यांना. डॉक्टरला बोलवा रे." मग रिसीव्हर कोणी उचलला.

"बाई? सापडले. धुगधुगी आहे. डोळे उघडलेत. मी फोन ठेवतो, डॉक्टरला करायचाय."

"ठेवा," बाई म्हणाल्या. चार नंबरचा दिवा विझला.

कार्यक्रम दोन मिनिटं उशिरा सुरू झाला. त्या दोन मिनिटांत पडद्यावर मामाची रिकामी खुर्ची दिसत होती, आणि लोकांना वाटलं ते मुद्दामच दाखवलं. पुढच्या आठवड्यात बाईंना लेखी खुलासा मागणारा कागद आला. त्यांनी जे झालं ते चार ओळींत लिहून दिलं. साहेबांनी खाली शेरा मारला, "विलंबास मी जबाबदार," आणि फाइल बंद केली. वर्षभराने त्यांची बदली झाली, ती याचमुळे झाली असं लोक म्हणत. साहेब स्वतः कधी काही बोलले नाहीत.

काकांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. रविवारी बाई सासूला घेऊन इस्पितळात गेल्या. काका उशीला टेकून बसले होते, टॅक्सीवाला बाजूच्या स्टुलावर. त्याने आपली गोष्ट बाईंसाठी राखून ठेवली होती आणि ती सगळी सांगितली: मामा भाडं देताना खिसे चाचपत बसला, पाकीट सापडेना, शेवटी बुटात निघालं. सासू म्हणाली, यात काय विशेष, तिने याहून मोठ्या फजित्या पाहिल्यात. मग ती आणि काका मामाचा कुठला कार्यक्रम सगळ्यात चांगला यावरून हमरीतुमरीवर आले. एकीने पाहिलेलं, दुसऱ्याने नुसतं ऐकलेलं, पण माघार कोणी घेईना.

बाई ऐकत होत्या. मग काका म्हणाले, "तुम्ही काही बोलत नाही बाई. तुम्ही तर त्यांच्या सर्वांत जवळ."

"मी पाहिलंच नाही काही," बाई म्हणाल्या. "एवढंच माहीत आहे, रोज कार्यक्रमाआधी ते घाबरायचे. आवाज थरथरायचा. म्हणायचे, बाई, आज कोणाचा फोनच आला नाही तर?"

"काहीतरीच," सासू म्हणाली. "तो आणि घाबरणार?"

काकांनी उशीवर डोकं टेकवलं. थोड्या वेळाने नर्स आली आणि भेटीची वेळ संपली म्हणाली. टॅक्सीवाल्याने दोघींना घरी सोडलं. वाटेत सासूने दोनदा विचारलं, "खरंच घाबरायचा?" आणि दोन्ही वेळा बाई खिडकीबाहेर बघत हो म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. सहा दिवसांत पहिल्यांदाच त्या रडत होत्या, आणि सासूने त्यांचा हात हातात घेऊन ठेवला होता.