थोरलीची कोमट भिंत
साडीची घडी उलगडली की धुराचा वास येतो आणि वडगावचं सासर आठवतं. आम्हा दोघी जावांना सासऱ्यांनी मागावर एकसारख्याच साड्या विणून दिल्या होत्या. थोरलीच्या खोलीची भिंत न्हाणीच्या चुलीला लागून होती, पावसाळाभर कोमट. माझ्या भिंतीला मात्र कायम ओल. त्या भिंतीपायी मी तिच्यावर जळायचे. गौरीच्या सणाला ट्रंक उघडली तर माझ्या साडीवर पांढरी बुरशी! “थोरलीची बघ, कशी कोरी हाय,” सासूबाई म्हणाल्या. थोरलीनं माझी साडी नेली, बुरशी झटकली, आपल्या धुरकट भिंतीला लावून वाळवली. “आता न्हाय लागायची गं,” म्हणाली. खरंच, पुन्हा लागली नाही. आता आमचं वेगळं, उन्हाचं घर आहे. तरी साडी बाहेर काढली की नवरा खुशीत म्हणतो, “वैनीच्या खोलीचा वास येतोय बघ.” मी ती परत ट्रंकेत कोंबते.