खालच्या दोन कप्प्यांतलं ताक

शटर अजून अर्धंच वर गेलं होतं. खालच्या फटीतून पॉलिश केलेले दोन बूट दिसले आणि दाक्षायणीनं शटर तिथंच धरून ठेवलं.

"आलाच का हा," ती पुटपुटली आणि शटर अडकल्याचं सोंग करून तशीच थांबली.

"अक्का, मी लावू का हात?" बाहेरून गोड आवाज आला. "सोडा तुम्ही, मी ढकलतो."

शटर धाडदिशी वर गेलं. समोर शशिधर, 'तंगाळी' सरबत कंपनीचा सेल्समन. चापून पाडलेला भांग, मुठीत सुटे पैसे तयार. आज त्याच्या मागे कंपनीचा टेम्पोही उभा होता आणि टेम्पोच्या फळीवर जाड दोरखंडाचं वेटोळं.

"एक ताक द्या अक्का. भवानी माझ्या हातची."

बेटगेरीच्या या विणकर गल्लीत दाक्षायणीला सगळे अक्काच म्हणत, वयानं मोठे असलेलेसुद्धा. नरेगलहून लग्न होऊन ती इथं आली तेव्हा याच उंबऱ्यावर सासरे हातमागाच्या साड्या विकायला बसत. त्यांनी सुनेला दुकानदारीचा धडा दिला तो एकच: भवानी करणाऱ्याच्या तोंडावर 'नाही' म्हणायचं नाही, दिवस नासतो. पुढे साड्यांचं दुकान बसलं, माग विकले गेले, नवरा एरण्णा दुसऱ्याच्या मागावर जायला लागला. अक्कानं त्याच उंबऱ्यावर ताकाची घागर मांडली. आलं, कढीपत्ता, हिरवी मिरची ठेचून घातलेलं तिचं ताक. मग हळूहळू बिस्किटं आली, साबण आले. सासरे गेले, धडा राहिला.

बाकीच्या सेल्समनना ती पुरून उरायची. साबणवाल्याला "मालक घरात नाहीत" सांगून वाटेला लावायची, मालकीण स्वतः असून. बिस्किटवाल्याच्या मोटारसायकलचा आवाज आला की मागच्या खोलीत जाऊन बसायची. पण हा शशिधर शटरच्याही आधी हजर. आधी पैसे हातावर ठेवायचा, मग ताक प्यायचा, आणि ग्लास रिकामा व्हायच्या आत ऑर्डर लिहायला घ्यायचा. लिहून झालं की तो कागद दोन्ही डोळ्यांना लावायचा. असं करत करत अक्काच्या घरी पलंगाखाली पेरूच्या सरबताची खोकी साठली होती. एरण्णा झोपताना म्हणायचा, "कूस बदलली की बाटल्या वाजतात. मी घरात झोपतोय की तुझ्या गोदामात?"

आणि मग फ्रीज. शिवरात्रीच्या सुमारास अक्काचा जुना फ्रीज बंद पडला, तेव्हा शशिधरनंच कंपनीचा काचेच्या दाराचा फ्रीज फुकट आणून दिला होता. अट एकच, आत फक्त तंगाळीचा माल. तेव्हाही भवानीचीच वेळ होती. अक्कानं मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी खालच्या दोन कप्प्यांत ताकाचे स्टीलचे कॅन सरकवले. तिचं खरं गिऱ्हाईक ताकाचंच होतं. अकरा वाजता माग थांबले की विणकर घामेजून बाहेर यायचे, आणि बारा वाजेतो कॅन घासून पायरीवर पालथे पडायचे. एप्रिलच्या या उन्हात फ्रीजशिवाय ते ताक अकरापर्यंतही टिकलं नसतं. पण शशिधर रोज सकाळी फ्रीजचा फोटो काढून साहेबांना पाठवायचा, आणि रोज त्या फोटोत कॅन दिसायचे.

अक्कानं ग्लास त्याच्यापुढे ठेवला. नजर बाहेरच्या टेम्पोवर होती.

"टेम्पो कशाला आणलास?"

"साहेबांचा हुकूम आहे अक्का. ताक बाहेर, नाहीतर फ्रीज बाहेर." त्यानं एक घोट घेतला. "काय सुरेख झालंय हो! आणि पेरूचे सहा क्रेट लिहितो."

"पेरू कुणी पीत नाही रे इथं."

"पितील की. तुम्ही आग्रह करा ना जरा."

टेम्पोवाला मलकाप्पा दोरखंड खांद्यावर टाकून आत आला. अक्का फ्रीजच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. पाठीला गार लागत होतं आणि कपाळावर घाम. 'नाही' एवढा एकच शब्द म्हणायचा होता, पण भवानी त्याच्या हातची होती. शशिधरनं पेन काढलं, कागद उघडला आणि लिहायच्या आधीच सवयीनं तो डोळ्यांना लावला.

अक्काची नजर तिथंच खिळली.

"तम्मा," धाकट्या भावाला हाक मारावी तशी ती हळूच म्हणाली, "माझ्याआधी आज कुठल्या दुकानात गेला होतास?"

"कुठं जाणार? रोज पहिलं पाऊल तुमच्याच दारात."

"म्हणजे तुझ्या दिवसाची पहिली ऑर्डर माझी."

"हो की."

"म्हणजे तुझी भवानी मी."

शशिधरचं पेन हवेतच राहिलं.

"लिही," अक्काचा आवाज आता मोकळा झाला. "लिंबू सरबत, एक क्रेट. पेरूचा एक थेंब नको. वरचे कप्पे तुझे, खालचे दोन ताकाचे. बोल आता. भवानीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणतोस?"

"अक्का, हे बरोबर नाही. ही माझी युक्ती आहे."

"मग कशी बोचते ते बघ."

मलकाप्पा खो खो हसला आणि दोरखंड खाली टाकून मोकळा झाला. "मी नाही हात लावणार बाबा. भवानी व्हायच्या वेळी कुणाचं दुकान उपसायचं? माझी आई मला घरात घ्यायची नाही."

तेवढ्यात शशिधरचा फोन वाजला. साहेबांचा आवाज एवढा मोठा, की फोन कानाला असूनही सगळ्यांना ऐकू आला.

"उचलला का?"

"सर, ते जरा... भवानीचा प्रश्न..."

"कसली भवानी? हे बघ, दिवसभरात मला फोटो पाहिजे. फोटोत ताक दिसलं तर संध्याकाळी फ्रीजही परत आण आणि तुझी बॅगही जमा कर. दुसरा माणूस बघतो मी."

फोन बंद झाला. शशिधर मटकन स्टुलावर बसला. एरवी जिभेवर साखर घेऊन फिरणारा तो पोरगा आता नुसता गुडघ्यांकडे बघत होता. अक्काला वाटलं होतं, आपण जिंकलो. पण आपल्या डोक्यावरचं ओझं त्याच्या डोक्यावर गेलं, एवढंच झालं होतं.

तिनं फ्रीजकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या मोबाइलकडे.

"तू फोटो सकाळीच का काढतोस?"

"सकाळी येतो म्हणून."

"आणि सकाळीच का येतोस?"

त्यानं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"सांग की."

"भवानी साधायला," तो खालमानेनं म्हणाला.

"मग कर की जरा उशीर. आज बाराला ये. बाराला माझं ताक उरत नाही."

शशिधरनं मान वर केली. मग एक क्रेट लिंबू लिहिलं, कागद डोळ्यांना लावला आणि टेम्पोत जाऊन बसला.

पण त्या दिवशी अकरा वाजले तरी माग थांबेनात. लग्नाच्या साड्यांची घाई होती, विणकर जागचे हलायला तयार नव्हते. येणाऱ्याजाणाऱ्यांनी पहिला कॅन संपवला, पण साडेअकराला दुसरा अजून अर्धा भरलेला. अक्कानं एकदा रस्त्याकडे पाहिलं, पदर खोचला, कॅन उचलला आणि समोरच्या घरात शिरली.

"गुरुपादण्णा, ताक घ्या."

"हातात धोटा आहे गं!"

"तोंड रिकामं आहे ना? आ करा."

पुढच्या घरात, "अक्का, सकाळीच प्यालो दोन ग्लास."

"तिसरा घ्या. ऊन बघितलं का बाहेर? चक्कर येऊन मागावर पडलात तर साडीला डाग पडेल."

"नको म्हणतोय ना?"

"नको कसं? मी दारात आलेय!"

माग चालवता चालवता एरण्णानं बायकोचा आवाज ओळखला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "ही कोणत्या कंपनीत लागली रे?" त्यालाही दोन ग्लास घ्यावे लागले.

बाराला टेम्पो आला. पायरीवर दोन्ही कॅन पालथे, ओले. शशिधरनं आत येऊन एकदा अक्काकडे पाहिलं. ती धापा टाकत पदरानं वारा घेत होती. फ्रीजच्या चारही कप्प्यांत तंगाळी सरबताच्या बाटल्या ऐटीत उभ्या होत्या. त्यानं मोबाइल वर धरला आणि परत खाली घेतला.

"अक्का! हा कुणाचा?"

सगळ्यात खालच्या कप्प्यात, बाटल्यांच्या आडोशाला, ताटलीनं झाकलेला एक ग्लास होता.

"तुझा," अक्का म्हणाली. "आधी पिऊन घे, मग काढ फोटो."